बालहक्कांच्या कामात नव्याने येताय? प्रस्तावाआधी वही

ठाणे जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेत मी बालहक्कांचं काम करते. नव्याने येणारे बहुतेक जण आधी हेच विचारतात, की युनिसेफसारख्या (संयुक्त राष्ट्रांची मुलांसाठी काम करणारी संस्था) संस्थेला निधीसाठी प्रस्ताव कसा पाठवायचा? मी म्हणते, आधी तुमची वही दाखवा.

दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडकडची कातकरी कुटुंबं मुकादमाकडून उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर येतात, ती पावसाच्या तोंडावरच परततात. मुलांची नावं गावातल्या शाळेच्या पटावर आणि मुलं भट्टीवर. आमच्या वहीत प्रत्येक मुलामागे एक ओळ असते: गाव, इयत्ता, भट्टीवर कधी आलं, शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं कार्ड) सोबत आहे का, जवळच्या शाळेत बसायला लागलं का, आणि घरातलं तान्हं कोण सांभाळतं. हा शेवटचा रकाना आम्ही स्वतः घातला. मुलगी शाळेत का येत नाही, ते बरेचदा तिथेच कळतं. मोठ्या संस्थांकडे तज्ज्ञ असतात, निधी असतो. ही ओळ मात्र त्यांच्याकडे नसते. बोलणी करताना हे विसरू नका, उगाच दबून जाऊ नका.

पैशाचे नियम नीट समजून घ्या. परदेशी देणगीसाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचं नियमन करणाऱ्या कायद्याखाली, नोंदणी लागते, त्यासाठी साधारणपणे संस्था किमान ३ वर्षं जुनी हवी आणि त्या काळात मुख्य कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही देणगी एका संस्थेला दुसरीकडे वळती करता येत नाही, त्यामुळे मोठ्या संस्थेमार्फत छोट्या संस्थेपर्यंत परदेशी पैसा पोचण्याची वाट बंद झाली. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था मात्र या कायद्यातल्या ‘परदेशी स्रोत’ या व्याख्येबाहेर आहेत. हे ठाऊक नसल्याने अनेक जण युनिसेफच्या दारापर्यंत जातच नाहीत. तिथे जायचं तर यूएन पार्टनर पोर्टलवर (संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांसोबत काम करू इच्छिणाऱ्या संस्थांसाठीचं संकेतस्थळ) नोंदणी करा आणि हिशेब लेखापरीक्षित ठेवा.

सगळ्यात कसून तपासलं जातं ते बालसुरक्षा धोरण, आणि ते तसंच तपासलं पाहिजे. कार्यकर्त्याची नेमणुकीआधी चौकशी झाली का, मुलानं तक्रार कुणाकडे करायची, तक्रार आपल्याच माणसाविरुद्ध असली तर पुढे काय, हे लिहिलेलं हवं आणि वस्तीवरच्या ताईला तोंडपाठ हवं. पॉक्सोखालच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखालच्या, गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. ‘संस्थेत मिटवू’ हा पर्यायच नाही.

भागीदारी फक्त पैशाचीही नसते. भारताने संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. सरकार तिच्याविषयी जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीला अहवाल देतं, तेव्हा स्वयंसेवी संस्थांनाही आपला वेगळा अहवाल देता येतो. तो बहुधा अनेक संस्था मिळून लिहितात. त्यांना वहीतली माहिती द्या, पण नाव, गाव, शाळा, फोटो काढून. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे, आणि छोट्या पाड्यावरचं मूल नुसत्या गावाच्या नावावरूनही ओळखू येतं.