माजी सैनिकांसोबत दोन भाषांतून काम करायला शिकताना

क्लिनिकल सायकॉलॉजीचं शिक्षण झाल्यावर माजी सैनिकांसाठी काम करायचं मनात असेल, तर नाशिकमध्ये शिकायला खूप मिळतं. देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर, आणि सिन्नर, निफाड, सटाणा, मालेगाव या बाजूंना गावोगाव पेन्शनवर आलेले फौजी. डॉक्टरेटनंतर मी याच कामात पडले. नव्याने येणाऱ्यांना जे सुरुवातीलाच कळायला हवं, ते इथे लिहिते.

आधी कागदपत्रांचं. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. नुसती एम.ए. किंवा नुसती पीएच.डी. पुरत नाही. दोन वर्षांचं एम.फिल. हा आजवरचा रस्ता. आता त्याच्या जागी नवे अभ्यासक्रम येताहेत, तेव्हा फी भरण्याआधी संस्था परिषदेच्या मान्यता यादीत आहे का ते पाहा. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या पोस्टडॉक्टरल फेलोशिपबद्दल बरेच विद्यार्थी विचारतात. ती साधारण वर्षभराची असते, न्यूरोसायकॉलॉजीची दोन वर्षांची, आणि काही ठिकाणी स्पॅनिश-इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून काम शिकवतात. पण तिथे अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. आपल्याकडे अशी बांधीव व्यवस्था नाही. अनुभवी सुपरव्हायझर गाठून, त्यांच्या देखरेखीखाली केसेस घेत ती आपली आपणच उभी करायची.

आता भाषेचं, कारण खरं शिक्षण इथेच होतं. माणूस मराठी आहे म्हणजे मराठीतून बोललं की मन मोकळं करेल, असं आपण धरून चालतो. पण हा माणूस अठरा-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला असतो. पेन्शनसाठी किमान 15 वर्षांची नोकरी लागते, आणि तेवढी वर्षं त्याची परेड, ड्युटी, शिव्या, जिवलग दोस्ती, सगळं हिंदीतून झालेलं असतं. आई, लग्न, बांधावरची भांडणं आणि मुलांच्या फिया मराठीत. बागलाणाकडचा असेल तर घरात अहिराणी, म्हणजे आपली पुस्तकी मराठी त्याला शाळेतली वाटते. व्हायोरिका मारियन आणि उलरिक नायसर यांनी 2000 साली रशियन-इंग्रजी बोलणाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की आठवण ज्या भाषेत घडली त्याच भाषेत विचारलं तर ती जास्त सहज वर येते. आमच्या खोलीत हे रोज दिसतं. चौकीवरची रात्र मराठीत सांगताना माणूस बातमी वाचल्यासारखा सांगतो. ‘साब ने बोला’ म्हणत हिंदीवर आला की हात थरथरायला लागतात.

म्हणून पहिल्या काही भेटींत मी भाषा बदलायला लावत नाही. मराठीमुळे मिळणारं अंतर त्याला तेव्हा हवं असतं. प्रोलाँग्ड एक्स्पोजरसारख्या, आघाताच्या आठवणीला थेट सामोरं जायला लावणाऱ्या उपचारात मात्र घटना वर्तमानकाळात, पुन्हा पुन्हा, मोठ्याने सांगायची असते. तिथे ती ज्या भाषेत घडली त्या भाषेतच यायला हवी, आणि तुमचं हिंदी ते ऐकून समजण्याइतकं पक्कं हवं. युनिट, पोस्टिंग, फील्ड (सीमेवरची किंवा मोहिमेवरची नेमणूक), पीस (शांत ठिकाणची नेमणूक), लो मेडिकल कॅटेगरी (तब्येतीमुळे ड्युटीवर मर्यादा येणं) हे शब्द आधी शिकून घ्या. त्याला प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगत बसावं लागलं, तर तो सांगणंच सोडून देतो.

पीसीएल-5 ही आघातानंतरच्या तणावाची (पीटीएसडी) लक्षणं मोजणारी 20 प्रश्नांची प्रश्नावली तोंडी भाषांतर करत भरून घेऊ नका. तपासून तयार केलेली आवृत्तीच वापरा आणि कोणत्या भाषेत भरली ते फाइलवर लिहा. जूनमध्ये हिंदीत आणि सप्टेंबरमध्ये मराठीत भरलेले आकडे शेजारी ठेवून ‘सुधारणा’ म्हणणं मला पटत नाही. बायको किंवा मुलगा दुभाषा म्हणून बसवणं तर मुळीच नको. ज्या गोष्टी त्याने घरापासून लपवल्यात, त्या मुलाच्या तोंडून आपल्यापर्यंत कशा येतील?

तोफखान्यातल्या माणसाचे कान आधी तपासून घ्या, हे मी प्रत्येक नव्या मुलामुलीला सांगते. तोफेच्या आवाजाने ऐकू कमी येतं, कानात सतत शीळ वाजते. प्रश्नाला उत्तर आलं नाही की आपण टाळाटाळ समजतो. कित्येकदा त्याला ऐकूच आलेलं नसतं. देवळालीच्या रेंजवर फायरिंग चालू असतं त्या दिवसांत त्याला झोप लागते का, हेही विचारा. झोपेवरून सुरुवात केली तर लाज आड येत नाही. कॅन्टीनच्या कोट्यातल्या दारूचंही तसंच. कोटा घेता का, स्वतः किती पिता, असं सरळ आणि आदराने विचारलं की खरं उत्तर मिळतं. रँक विचारा आणि सुभेदाराला ‘सुभेदार साहेब’च म्हणा.

रिपोर्ट कुठे जाईल, या धास्तीने बरेचजण गप्प बसतात. पेन्शन कापली जाईल असं त्यांना वाटतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलाय. तो आणि त्याचे अपवाद पहिल्याच भेटीत त्याला कळेल अशा भाषेत सांगा. डिसॅबिलिटी पेन्शनसाठीचं मूल्यमापन आणि उपचार ही दोन्ही कामं एकाच माणसाने करू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

भेटींचं वेळापत्रक द्राक्षबागेकडे बघून आखा. आघाताबद्दलचे विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीच्या साधारण 12 भेटी असतात. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत किंवा काढणीच्या हंगामात दिंडोरी-निफाडचा माणूस दर आठवड्याला येऊ शकत नाही, आणि त्याला उपचारांची गरज वाटत नाही असा त्याचा अर्थ काढू नका. एक्स्पोजरच्या भेटीत त्याने सांगितलेल्या घटनेचं रेकॉर्डिंग घरी ऐकायला सांगताना घरात किती खोल्या आहेत ते विचारा. काहीजण बागेत जाऊन ऐकतात. तिथे एकटं असणं सुरक्षित आहे का, हे आधी बोलून घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्याच्या आणि घरच्यांच्याही मोबाइलमध्ये तुमच्यासमोर सेव्ह करून घ्या.

सुपरव्हिजनला जाताना, रुग्णाची संमती असेल तर, संवाद तो बोलला तसाच लिहून न्या, हिंदी-मराठीच्या सरमिसळीसकट. स्वच्छ इंग्रजीत सारांश नेला, तर भाषा नेमकी कुठे बदलली ते सुपरव्हायझरला दिसतच नाही.