परदेशातील रोमानियन आडनावाचा माग कसा काढावा : ‘चोबानू’चे उदाहरण

इंटरनेटवर एखादे आडनाव टाकले की जगाचा रंगीत नकाशा समोर येतो, आणि ज्या देशावर सर्वांत गडद रंग दिसतो तोच त्या आडनावाचा मूळ देश, असे सर्रास सांगितले जाते. आडनावांच्या शोधाबद्दल दिल्या जाणाऱ्या सल्ल्यांपैकी हा सर्वांत घातक सल्ला आहे. माणसे आज कुठे मोजली गेली, एवढेच नकाशा सांगतो. ती कुठून, केव्हा आणि कोणत्या राजवटीची कागदपत्रे घेऊन निघाली, हे तो सांगत नाही. रोमानियन आडनावांच्या बाबतीत तर ही उणीव फारच महागात पडते, कारण गेल्या दोनशे वर्षांत एकच आडनाव ऑटोमन, हॅब्सबर्ग, रशियन आणि सोव्हिएत सत्तांच्या छायेत, दोन लिप्यांत आणि अनेक भाषांच्या स्पेलिंगांत लिहिले गेले आहे. मी येथे ‘चोबानू’ हे आडनाव घेतो, कारण या वाटेवरचे जवळजवळ सगळे खाचखळगे त्या एका नावात सापडतात.

आधी अर्थ आणि घडण

ही पायरी सोपी आहे. चोबान म्हणजे मेंढपाळ. मूळ शब्द फारसी असून तो तुर्की भाषांच्या वाटेने बाल्कन प्रदेशात पसरला. शेवटचा ‘ऊ’ हा रोमानियन भाषेतील निश्चयवाचक प्रत्ययाचा (इंग्रजी ‘द’सारखा, पण नामाच्या शेवटी लागणारा) उरलेला भाग आहे. मोल्दाविया आणि वालाकिया या, ज्यांतून पुढे रोमानिया बनला त्या, जुन्या संस्थानांत व्यवसायावरून किंवा प्रदेशावरून पडलेल्या आडनावांना हा ‘ऊ’ लागतो, तर कार्पेथियन डोंगरांपलीकडच्या ट्रान्सिल्वेनियात तो पुष्कळदा गळालेला असतो. म्हणून तिकडे चोबान, मुंतेआन, मोल्दोवान आणि इकडे चोबानू, मुंतेआनू, मोल्दोवेआनू. ‘एआनू’ने संपणारी ही प्रादेशिक नावे आपल्या ‘कर’ने संपणाऱ्या आडनावांसारखी आहेत, आणि कोल्हापूरकर हे नाव जसे कोल्हापुराबाहेर पडलेल्यालाच चिकटते, तसा मोल्दोवेआनू बहुधा मोल्दावियाबाहेर जाऊन वसलेल्याचा वंशज असतो.

व्यवसायावरून पडलेल्या नावाला एक मूळपुरुष नसतो. मेंढ्या राखणारा माणूस जवळजवळ प्रत्येक गावात होता. सिबिऊ शहराभोवतीच्या डोंगराळ गावांतील मेंढपाळ तर कळप घेऊन डॅन्यूबच्या काठापर्यंत आणि काळ्या समुद्राकाठच्या दोब्रुजापर्यंत हिवाळी स्थलांतर करीत. त्यामुळे चोबानू हे आडनाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण झाले. ‘चोबानू घराण्याचे मानचिन्ह’ विकणाऱ्या संकेतस्थळांकडे फिरकूही नये.

आडनाव वंशपरंपरागत केव्हा झाले ते ठरवावे

रोमानियाच्या राज्यात प्रत्येकाला स्थिर आडनाव असावे, असा कायदा १८९५ साली झाला. त्यापूर्वी खेड्यांत बापाच्या किंवा आईच्या नावावरून, व्यवसायावरून अथवा टोपणनावावरून माणूस ओळखला जाई आणि पुढच्या पिढीत ही ओळख बदलू शकत असे. रशियन सैन्याच्या अमलात १७७२ ते १७७४ या काळात मोल्दावियाची जी शिरगणती झाली, तिच्यातही ‘योन चोबानू’ अशा प्रकारची नोंद आढळली म्हणून हर्षभरित होऊ नये. तिचा अर्थ बहुधा ‘योन नावाचा मेंढपाळ’ एवढाच असतो.

यावर माझी कसोटी एकच आहे : ज्याचा स्वतःचा व्यवसाय वेगळा आहे अशा माणसाला ते नाव लागलेले दिसले पाहिजे. ‘चोबानू, शिंपी’ अशी नोंद मिळाली की ते आडनाव झाले असे समजावे. तोवर ते फक्त वर्णन असते.

अवघड टप्पा : एकाच नावाची रूपे आणि निरनिराळी नावे यांची फाळणी

बहुतेकांचा शोध येथे भरकटतो, आणि मलाही सर्वांत जास्त वेळ येथेच द्यावा लागतो. मराठी वाचकाला येथे एक जास्तीची अडचण आहे. आपण नाव ऐकून देवनागरीत लिहितो, आणि देवनागरीत रोमानियन, तुर्की व हंगेरियन अशी तिन्ही नावे ‘चोबान’ अशी एकसारखीच उमटतात. म्हणून या टप्प्यावर उच्चार बाजूला ठेवून मूळ कागदावरील रोमन अक्षरे जशीच्या तशी उतरवून घ्यावीत. एक तक्ता करून त्यात प्रत्येक रूपाची अक्षरे, ते कोणत्या कागदावर मिळाले, तो कागद कोणत्या सरकारचा आणि कोणत्या वर्षाचा, एवढे लिहावे. स्पेलिंग ‘दुरुस्त’ करून सर्व रूपे एका नावाखाली गोळा करण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो मानू नये. नाव कोणत्या काळात आणि कोणत्या हद्दीतून बाहेर पडले याचा पुरावा त्या तथाकथित चुकीच्या स्पेलिंगमध्येच असतो.

रोमानियनमध्ये ‘च’साठी सी आणि त्यापुढे आय लिहितात, म्हणून प्रमाण रूप सी-आय-ओ-बी-ए-एन-यू असे होते. ट्रान्सिल्वेनिया १९१८ पर्यंत हॅब्सबर्ग राजवटीत होते आणि १८६७ नंतर थेट हंगेरीच्या प्रशासनाखाली आले; तेथील हंगेरियन नोंदींत तोच ‘च’ सी-एस असा दिसतो. बेसाराबिया, म्हणजे आजच्या मोल्दोवा देशाचा बहुतेक भाग, १८१२ ते १९१८ या काळात रशियन साम्राज्यात आणि १९४० नंतर मुख्यतः सोव्हिएत संघात होता; तेथे नाव किरिलिक लिपीत गेले आणि रोमन लिपीत परतताना सी-एच घेऊन आले. सोव्हिएत पारपत्रांवर दीर्घकाळ फ्रेंच पद्धतीचे लिप्यंतर होत असल्याने टी-सी-एच असाही आरंभ सापडतो. मोल्दोवाने १९८९ साली रोमन लिपी पुन्हा स्वीकारली, पण मोल्दोवापासून फुटून निघालेल्या ट्रान्सनिस्त्रिया या पूर्वेकडील पट्ट्यात मोल्दोवन भाषेसाठी किरिलिकच राहिली. म्हणजे एकाच आजोबांची दोन नातवंडे, एक मोल्दोवाच्या राजधानीतून, किशिनाऊहून, आणि दुसरे ट्रान्सनिस्त्रियातील तिरास्पोलहून परदेशी गेलेले, दोन निरनिराळी आडनावे लावत असू शकतात.

मोल्दोवात आणखी एक रूप अतिशय प्रचलित आहे : चेबान. किशिनाऊचे २०१९ पासूनचे महापौर योन चेबान हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. चेबान आणि चोबानू एकाच शब्दाची रूपे आहेत, परंतु तक्त्यात ती वेगळ्या ओळींत ठेवावीत, कारण चेबान हे रूप जवळजवळ नेहमीच प्रूत या रोमानिया-मोल्दोवा सीमेवरील नदीच्या पूर्वेकडे बोट दाखवते. त्याच्याच शेजारी युक्रेनियन चाबान उभे असते. तेही मेंढपाळच, पण त्याला रोमानियन म्हणण्यासाठी वेगळा पुरावा लागतो.

आता दिसायला सारखी, पण बाहेरची नावे पाहू. तुर्कस्तानात आडनावांचा कायदा १९३४ साली झाला आणि त्यानंतर चोबान हे तेथील सर्वसामान्य आडनाव बनले. तुर्की लेखनात सीखाली एक शेपूट असते. जर्मनीत, जेथे १९६१ च्या करारानंतर तुर्की कामगार मोठ्या संख्येने आले, ती शेपूट अनेक याद्यांत गळून पडते आणि सी-ओ-बी-ए-एन एवढेच उरते. रोमानियन रूपात सीनंतर आय असतो, तुर्की रूपात नसतो. जर्मनीच्या नकाशावर एवढ्या एका अक्षराने हजारो माणसे योग्य किंवा अयोग्य रकान्यात जातात, म्हणून सीनंतर लगेच ओ असलेले नाव रोमानियन मोजणीत कधीही घेऊ नये. बल्गेरियन नावाच्या शेवटी ओव आणि आर्मेनियन नावाच्या शेवटी यान असल्याने ती सहज ओळखू येतात. फ्रान्समध्ये आणखी एक चकवा आहे. १९६९ ते १९७२ या काळात पंतप्रधान असलेले जाक शाबां-देल्मास यांच्या नावातील पहिला भाग रोमन अक्षरांत थेट युक्रेनियन चाबानसारखा दिसतो. प्रत्यक्षात तो त्यांनी जर्मनव्याप्त फ्रान्समधील प्रतिकार चळवळीत दोर्दोन्य भागातील एका गढीवरून घेतला होता.

हंगेरियन रूपाचा उलगडा मात्र नुसती अक्षरे पाहून होत नाही, कारण हंगेरियन लोकांतही तेच आडनाव त्याच अक्षरांत आहे. तेथे पहिल्या नावावर विसंबू नये. हंगेरियन कारकून रोमानियन योनला यानोश आणि ग्योर्गेला ग्यॉर्ग्य करून टाकीत, शिवाय आडनाव आधी लिहीत. अशा वेळी धर्माचा रकाना पाहावा. ऑर्थोडॉक्स किंवा ग्रीक कॅथलिक अशी नोंद असेल तर कुटुंब रोमानियन असण्याची शक्यता मोठी. रोमन कॅथलिक किंवा कॅल्विनपंथी असेल तर हंगेरियन असण्याची. या एका रकान्याने माझी जितकी प्रकरणे सुटली आहेत, तितकी कोणत्याही महागड्या वर्गणीच्या संकेतस्थळाने सुटलेली नाहीत.

आणि चोबोतारू हे चोबानूचे रूप नव्हे. ते जोडे शिवणाऱ्यावरून पडलेले स्वतंत्र आडनाव आहे. ‘मिळतीजुळती नावे’ म्हणून संगणक ते पुढे करतो, तेव्हा सरळ वगळावे.

आजचा प्रसार मोजावा, पण प्रत्येक देशाची यादी वाचून

जगाची एकत्रित आकडेवारी देणारी संकेतस्थळे फक्त दिशा कळण्यापुरती पाहावीत. त्यानंतर त्या त्या देशाच्या यादीकडे जावे आणि ती यादी कोणाला मोजते, हे आधी वाचावे.

स्पेनची राष्ट्रीय सांख्यिकी संस्था आडनावे प्रांतवार देते, पण देशभरात किमान २० आणि प्रांतात किमान ५ माणसे असतील तरच आकडा दाखवते. तेथे पहिले आणि दुसरे अशी दोन आडनावे असतात, म्हणून दोन्ही रकाने पाहावेत. रोमानियन आईचे आडनाव मुलाच्या दुसऱ्या रकान्यात जाते. फ्रान्समधील आडनावांचे प्रचलित नकाशे १८९१ ते १९९० या काळात फ्रान्समध्ये झालेल्या जन्मांवर आधारलेले आहेत. २००० नंतर आलेला रोमानियन माणूस आणि त्याची तेथे जन्मलेली मुले त्यात येऊच शकत नाहीत. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेच्या यादीत किमान १०० वेळा आलेली १,६२,२५३ आडनावे आहेत, म्हणून दुर्मीळ रूप तेथे न मिळणे हा अभावाचा पुरावा ठरत नाही. इटलीत दहा लाखांहून अधिक रोमानियन नागरिक राहतात, परंतु दूरध्वनी-पुस्तिकांवरून केलेले नकाशे त्यांच्यातील बहुसंख्यांना गाठत नाहीत.

आणखी एक पथ्य पाळावे. रोमानियनमधील एस आणि टी यांच्याखालचे स्वल्पविराम, तसेच ए व आय यांच्यावरची चिन्हे, परदेशी याद्यांत बहुधा नसतात, त्यामुळे शोध चिन्हांसह आणि चिन्हांशिवाय असा दोनदा करावा. चोबानूला याचा त्रास नाही, पण पिर्वुलेस्कूसारख्या नावाला आहे. १९५३ च्या लेखनसुधारणेत टोपी घातलेल्या एऐवजी टोपी घातलेला आय आला आणि १९९३ मध्ये ए परत आला, म्हणून अशा आडनावांची दोन अधिकृत रूपे एकाच वेळी चालू आहेत.

स्पेलिंग आणि स्थलांतराची लाट जुळवावी

आता तक्ता बोलू लागतो. ओहायो राज्यात सी-एसने सुरू होणारे आणि ऑर्थोडॉक्स चर्चच्या नोंदीतले नाव मिळाले, तर ते बहुधा १९१४ पूर्वी ट्रान्सिल्वेनियातून किंवा शेजारच्या बानात प्रदेशातून निघालेले कुटुंब आहे. ओहायोतील क्लीव्हलँडचा रोमानियन ऑर्थोडॉक्स पॅरिश, म्हणजे स्थानिक चर्चमंडळ, १९०४ सालचा आहे, तर कॅनडात रेजायना येथील १९०२ चा. त्या कॅनेडियन वसाहतींत बुकोविनाचे (आज रोमानिया आणि युक्रेन यांत विभागलेल्या प्रदेशाचे) लोक पुष्कळ होते, आणि आल्बर्टातील बोयान हे गाव बुकोविनातील गावाचेच नाव घेऊन वसले. कझाकस्तानात किंवा सायबेरियात चेबान आढळला, तर जून १९४१ आणि जुलै १९४९ मधील बेसाराबियातून झालेल्या सक्तीच्या हद्दपारीचा विचार आधी करावा. स्पेन, इटली किंवा ब्रिटनमध्ये प्रमाण रोमानियन स्पेलिंग दिसले, तर ते कुटुंब बहुधा २००२ मध्ये शेंगेन देशांसाठी (आपसांतील सीमा-तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांसाठी) व्हिसाची अट उठल्यावर किंवा १ जानेवारी २००७ च्या युरोपीय संघ-प्रवेशानंतर आलेले आहे. फ्रान्समध्ये ‘एस्कू’ने संपणाऱ्या नावांच्या अखेरीस यूच्या जागी ओ दिसला, तर ती जुन्या फ्रेंच वळणाच्या लेखनाची खूण समजावी, संगीतकार एनेस्कू आणि नाटककार योनेस्कू यांची नावे फ्रान्समध्ये तशीच लिहिली गेली.

न्यूयॉर्क बंदरात स्थलांतरितांची तपासणी होत असलेल्या एलिस बेटावरील अधिकाऱ्यांनी आडनावे बदलली, ही दंतकथा मात्र कृपा करून सोडून द्यावी. प्रवाशांच्या याद्या जहाज कंपन्या निघण्याच्या बंदरावरच तयार करीत आणि बेटावरील निरीक्षक त्या हातातील यादीशी पडताळत. नाव बदलले असेल तर ते पुढे शाळेत, कारखान्यात किंवा न्यायालयात बदलले; म्हणून १९०६ नंतरचे नागरिकत्वाचे अर्ज शोधावेत, कारण त्यांत जन्मस्थळ आणि पुष्कळदा नावाचा बदलही लिहिलेला असतो.

गाव मिळाल्यावरच दप्तराकडे जावे

रोमानियाची राष्ट्रीय दप्तरे जिल्हावार, म्हणजे तिकडच्या भाषेत जुदेत्सवार, विभागलेली आहेत आणि असे ४१ जिल्हे आहेत. गावाचे नाव नसेल तर पत्राला उपयोगी उत्तर येण्याची आशा धरू नये. जुन्या संस्थानांत १८६५ च्या अखेरीपासून नागरी नोंदणी आहे, त्याआधीच्या नोंदी चर्चच्या वह्यांत. ट्रान्सिल्वेनियात नागरी नोंदणी ऑक्टोबर १८९५ पासून. मोल्दोवाच्या चर्च-वह्यांचा बराच भाग फॅमिलीसर्च या विनामूल्य संकेतस्थळावर चित्ररूपात आहे, पण त्या वह्या रशियन हस्ताक्षरात आहेत, तेव्हा किरिलिकमधले आडनाव डोळ्यांना ओळखीचे होईपर्यंत ते कागदावर गिरवून घ्यावे. शंभर वर्षांच्या आतील जन्मनोंदी नगरपालिकेच्या कार्यालयात असतात आणि नाते सिद्ध केल्याशिवाय दिल्या जात नाहीत. म्हणून पत्र लिहिण्यापूर्वी हयात नातेवाइकांकडून जन्म आणि विवाहाच्या दाखल्यांची साखळी गोळा करून ठेवावी, आणि अर्जात तक्त्यातील आडनावाची सगळी रूपे रोमन अक्षरांत लिहावीत.