बेळगाव-खानापूरकडे पहिली दुर्बीण घेताना

आधी एकच ठरवा: डोळ्यांनी बघायचं आहे की फोटो काढायचे आहेत? पहिल्याच खरेदीत दोन्ही मागाल तर एकही धड होत नाही.

बघायचं असेल तर खोक्यावरचा ‘पाचशे पट’ हा आकडा सोडा आणि भिंगाचा किंवा आरशाचा व्यास विचारा. व्यासाच्या मिलिमीटरची दुप्पट, साधारण तेवढीच पट कामाची. ७० मिमीला १४०; त्यापुढे चित्र मोठं होतं, पण धुरकट. माझी पसंती १५० मिमी आरशाच्या डॉब्सोनियनला, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवर ठेवलेल्या आरशाच्या दुर्बिणीला. तिचं नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं) १२०० मिमी असेल तर, त्याला आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, मिमीने भागून, २५ मिमीच्या आयपीसने ४८ पट आणि १० मिमीच्या आयपीसने १२० पट मिळतात. शनीची कडी आणि गुरूचे पट्टे बघायला एवढं भरपूर झालं. मात्र हे धूड जिन्याने गच्चीवर कोण नेणार, हे घरात आधी ठरवा. ते जमणार नसेल तर ७०-८० मिमीची भिंगाची दुर्बीण घ्या, पण तिवई दणकट हवी. दुकानातच नळीला टिचकी मारा. दोन-तीन सेकंदांत चित्र स्थिरावलं नाही, तर परत फिरा.

फोटोचं गणित वेगळं. तिथे नळीपेक्षा माउंटवर, म्हणजे नळी धरून फिरवणाऱ्या बैठकीवर, जास्त पैसे जातात, कारण आकाश फिरतं तसं त्यालाही फिरावं लागतं, आणि त्यासाठी त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. बेळगावचा अक्षांश जेमतेम १६, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजावर तेवढाच वर. उत्तरेला शेजाऱ्याची पाण्याची टाकी आली की तो गेलाच! गच्चीवरून तो दिसतो का, हे आधी बघा. माउंट १६ अंशांपर्यंत खाली येतो ना, हेही विचारा. तोवर साध्या तिवईवर कॅमेरा लावा: ५०० भागिले लेन्सचे मिमी, तेवढी सेकंदं शटर उघडं ठेवलं तरी तारे फारसे ओढल्यासारखे दिसत नाहीत. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २४ मिमीला सुमारे २०. लहान सेन्सरला त्याहून कमी.

इथून दक्षिणेचं आकाश मात्र छान मिळतं. मे महिन्यात ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ २६-२७ अंश वर येतो. त्यासाठी जांबोटीच्या जंगलात शिरायची गरज नाही. दक्षिण मोकळी असलेलं, शहराच्या दिव्यांपासून लांबचं शेत पुरे.

खरेदी दसऱ्यानंतरच करा. जून ते सप्टेंबर दुर्बीण कपाटात पडून राहते, आणि आपल्याकडच्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते. दवाने ओली झाली तर वाळवूनच झाका, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

सूर्य बघायचा तर सौर फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावरच हवा. आयपीसला लावायचा छोटा सौर फिल्टर सोबत आला असेल तर फेकून द्या. उष्णतेने तो तडकतो आणि डोळा जातो.

नळीवर बसवलेली छोटी शोधक दुर्बीण दिवसाउजेडी लांबच्या एखाद्या मोबाईल टॉवरवर जुळवून घ्या. मग शुक्ल अष्टमीच्या आसपासचा चंद्र गाठा. पौर्णिमेला विवरांच्या सावल्या पडत नाहीत, सगळं सपाट दिसतं.