एकाहून अधिक सबवूफरसाठी अ‍ॅम्प्लिफायर कसा निवडावा

पुण्यातील सदनिकेच्या हॉलमध्ये होम थिएटर उभे करणारे बहुतेक जण पहिल्या सबवूफरवर (फक्त खालचा बास वाजवणाऱ्या स्पीकरवर) काही महिन्यांतच नाराज होतात आणि त्या नाराजीचे कारण अपुऱ्या वॅटमध्ये शोधू लागतात. प्रत्यक्षात कारण बहुधा खोलीच्या मापांत असते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर १८ फूट लांब आणि ११ फूट रुंद खोलीत पहिले दोन अनुनाद अनुक्रमे ३१ आणि ५१ हर्ट्झच्या आसपास येतात. त्यामुळे सोफ्याच्या एका टोकाला बास घुमतो, तर दुसऱ्या टोकाला तोच बास जवळजवळ नाहीसा होतो. एकाच सबवूफरला कितीही शक्ती दिली तरी ही विषमता जात नाही. हार्मन कंपनीतील संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये याच प्रश्नाचा अभ्यास मांडला होता. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन किंवा चारही भिंतींच्या मध्यावर चार सबवूफर ठेवल्यास निरनिराळ्या आसनांवरील बास बराच सारखा होतो, असे त्यातून दिसले. एकाहून अधिक सबवूफर घेण्याचा मुख्य हेतू हा सारखेपणा असल्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरची निवडही त्याच हेतूने करावी. आधी ओहम (सबवूफरचा विद्युत रोध) मोजावेत, मग चॅनेल (शक्ती देणारे स्वतंत्र आउटपुट), आणि वॅटचा विचार सर्वांत शेवटी करावा.

ज्या सबवूफरच्या पेटीतच अ‍ॅम्प्लिफायर असतो, त्यांच्यासाठी हा खटाटोप नाही; त्यांना रिसीव्हरच्या (सर्व स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या मुख्य यंत्राच्या) सबवूफर आउटपुटमधून केवळ सिग्नलची तार लागते. पुढील विवेचन पॅसिव्ह, म्हणजे बाहेरून शक्ती पुरवावी लागणाऱ्या सबवूफरसाठी आहे.

पहिले काम ड्रायव्हरच्या (पेटीतील स्पीकरच्या) व्हॉइस कॉइलचा, म्हणजे कोन हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा, रोध जाणून घेण्याचे. ड्रायव्हरवरील पट्टी पुसली गेली असेल, तर मल्टिमीटरने मोजावे. ४ ओहमची कॉइल मीटरवर साधारण ३.२ ते ३.६ ओहम दाखवते. अनेक ड्रायव्हरांना दोन कॉइल असतात आणि तेथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. प्रत्येकी ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर २ ओहम होतात, एकसर जोडल्या तर ८ ओहम. म्हणजे असे चार सबवूफर घेतले, तर प्रत्येक पेटी २ ओहमची करावी की ८ ओहमची, हे आपल्या हातात असते. मी ८ ओहमची जोडणी सुचवतो, कारण ती पुढे वाढवता येते: दोन पेट्या समांतर जोडून ४ ओहमचा भार होतो आणि बहुतेक चांगले व्यावसायिक अ‍ॅम्प्लिफायर तो भार निर्धास्तपणे चालवतात. २ ओहमवर चालण्याची हमी माहितीपत्रकात दिलेली असली, तरी त्या भारावर विद्युतप्रवाह वाढतो, उष्णता वाढते आणि संरक्षक मंडल लवकर जागे होते.

ब्रिज जोडणीबद्दल, म्हणजे दोन चॅनेल एकत्र करून एकच मोठा चॅनेल बनवण्याबद्दल, एक सावधगिरी येथेच नोंदवणे आवश्यक आहे. दोन चॅनेल ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनेलला प्रत्यक्ष भाराच्या निम्मा रोध दिसतो. म्हणजे ब्रिज केलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला ४ ओहम जोडले, तर त्याच्या दृष्टीने ते प्रत्येक चॅनेलवर २ ओहमच असतात. मोठ्या आकड्याच्या मोहाने ब्रिज करून नंतर अ‍ॅम्प्लिफायर वारंवार बंद पडतो अशी तक्रार करणाऱ्यांनी प्रथम हा हिशेब तपासावा.

आता चॅनेलकडे वळू. उदाहरणासाठी क्राउन एक्सएलएस २५०२ हा दोन चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊ. त्याची उत्पादकाने दिलेली शक्ती प्रत्येक चॅनेलला ८ ओहमवर ४४० वॅट आणि ४ ओहमवर ७७५ वॅट आहे. आपल्या चार ८ ओहम पेट्यांसाठी असा एकच अ‍ॅम्प्लिफायर घेऊन प्रत्येक चॅनेलवर दोन पेट्या समांतर जोडल्या, तर प्रत्येक पेटीला सुमारे ३८७ वॅट मिळतात. असेच दोन अ‍ॅम्प्लिफायर घेऊन प्रत्येक पेटीला स्वतंत्र चॅनेल दिला, तर ४४० वॅट मिळतात. या दोहोंतील फरक जेमतेम अर्धा डेसिबल आहे, जो ऐकून ओळखणे कठीण. म्हणजे दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचे पैसे शक्तीसाठी मोजले, तर ते जवळजवळ वाया गेले. ते मोजायचेच असतील, तर प्रत्येक सबवूफरची पातळी, विलंब आणि इक्वलायझेशन (वारंवारतेनुसार पातळी जुळवणे) वेगवेगळे ठेवता यावे यासाठी मोजावेत. त्यासाठी आधी चार वेगळे सिग्नलही हवेत. रिसीव्हरला सबवूफरचे एक किंवा दोनच आउटपुट असतील, तर मध्ये मिनीडीएसपी २×४ एचडीसारखा चार आउटपुटचा प्रोसेसर ठेवावा लागतो. असा प्रोसेसर नसताना चार अ‍ॅम्प्लिफायर चॅनेल घेणे म्हणजे चारही पेट्यांना एकच सिग्नल चार तारांनी पोहोचवणे होय.

खर्च आवरायचा असेल, तर एक मधला मार्ग आहे. बैठकीपासून सारख्या अंतरावर असणाऱ्या आणि खोलीत एकमेकांची प्रतिबिंबे ठरणाऱ्या दोन पेट्या, उदाहरणार्थ पडद्याच्या डाव्या-उजव्या बाजूच्या, एका चॅनेलवर समांतर ठेवाव्यात आणि मागच्या दोन दुसऱ्या चॅनेलवर. मात्र वेगवेगळ्या बनावटीचे किंवा एक बंद आणि एक पोर्टेड (हवेसाठी भोक असलेल्या पेटीचा) असे सबवूफर कधीही एका चॅनेलवर एकत्र जोडू नयेत. त्यांची संवेदनशीलता (दिलेल्या शक्तीवर निघणारा आवाज) आणि फेज (ध्वनिलहरींची वेळेतील जुळणी) दोन्ही भिन्न असतात, आणि ती दुरुस्त करण्याची सोय त्या जोडणीत उरत नाही.

वॅटचा हिशेब तुलनेने सोपा आहे, पण त्यात एक फसवी जागा आहे. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात. दहापट केली की १०. ड्रायव्हरवर ८८ डेसिबल (१ वॅटला, १ मीटरवर) अशी संवेदनशीलता छापलेली असते, ती मधल्या वारंवारतांसाठीची. २५ हर्ट्झवर बंद पेटीत ती सहज १० डेसिबलने उतरते. तेव्हा ३०० वॅट दिल्यास मिळणारा सुमारे २५ डेसिबलचा लाभ धरून एका पेटीकडून १०३ डेसिबलच्या आसपास अपेक्षा ठेवावी. अंतरामुळे होणारी घट आणि भिंतींमुळे मिळणारी भर येथे ढोबळमानाने एकमेकींना कापतात असे मानले आहे. चार पेट्या एकत्र वाजल्यावर ६ ते १२ डेसिबलची भर पडते. चित्रपटगृहाच्या संदर्भपातळीवर एलएफई वाहिनीचे (चित्रपटातील खास बासच्या वाहिनीचे) शिखर ११५ डेसिबल मानले जाते आणि घरात बहुतेक जण त्याहून किमान १० डेसिबल खाली ऐकतात. म्हणजे आपल्या कोथरूड-बाणेरच्या हॉलमध्ये प्रत्येक पेटीला ३०० वॅट हे पुष्कळ झाले. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषण नियमांची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांची मर्यादा अनेकदा त्याहूनही कमी असते, हेही वॅट वाढवण्यापूर्वी आठवावे. पीएमपीओचा (जाहिरातीतील फुगवलेल्या क्षणिक शक्तीचा) आकडा हिशेबात घेऊच नये. आरएमएस (सतत मिळणाऱ्या शक्तीचा) आकडाही कोणत्या ओहमवर, किती वारंवारतेवर आणि किती वेळ मोजला आहे ते पाहावे, कारण १ किलोहर्ट्झवर क्षणभर मिळणारी शक्ती २० हर्ट्झवर टिकेलच असे नाही.

पोर्टेड पेटी असेल, तर हाय-पास फिल्टर (ठरावीक वारंवारतेखालचा सिग्नल अडवणारा) असल्याशिवाय अ‍ॅम्प्लिफायर वापरू नये. पोर्ट ज्या वारंवारतेसाठी जुळवलेला असतो तिच्याखाली पेटीतील हवेचा आधार सुटतो, कोनची हालचाल बेसुमार वाढते आणि थोड्या वॅटवरही ड्रायव्हर यांत्रिकदृष्ट्या निकामी होऊ शकतो. हा फिल्टर प्रोसेसरमध्ये असला तरी चालतो.

व्यावसायिक अ‍ॅम्प्लिफायर घरात आणताना सिग्नलच्या व्होल्टेजची जुळणी पाहणे अनेक जण विसरतात. ३२ डेसिबल गेन (सिग्नल वाढवण्याचे प्रमाण) म्हणजे व्होल्टेज ४० पट. १ व्होल्ट दिला तर ४० व्होल्ट मिळतात, आणि ४ ओहमवर ते ४०० वॅट होतात. रिसीव्हर किंवा प्रोसेसर स्वच्छपणे किती व्होल्ट देतो आणि अ‍ॅम्प्लिफायरला पूर्ण शक्तीसाठी किती लागतात, हे दोन आकडे शेजारी लिहून पाहावेत. मिनीडीएसपी २×४ एचडी २ व्होल्ट देतो, तर वर उल्लेखलेल्या क्राउनला १.४ व्होल्ट पुरतात. ही जोडी जुळते.

तारांवर फार खर्च करू नये. अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची तार १० मीटरपर्यंत ४ ओहमच्या भारासाठी पुरेशी आहे. त्यातील तोटा एक तृतीयांश डेसिबलहून अधिक होत नाही. गुणगुण ऐकू आली, तर केबल टीव्हीची तार काढून पाहावी आणि संतुलित तारा (एकाच सिग्नलच्या दोन उलट प्रती नेऊन बाहेरची गुणगुण कापणाऱ्या) वापराव्यात, पण प्लगची अर्थिंगची पिन कधीही तोडू नये. वीजजोडणी १६ अँपिअरच्या स्वतंत्र पॉइंटवरून घ्यावी. क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर कमी वीज खातो आणि हलका असतो. त्याचा पंखा मात्र शांत प्रसंगांत ऐकू येतो, म्हणून तो टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंडण्याऐवजी शेजारच्या खोलीत किंवा पॅसेजमध्ये ठेवणे उत्तम.

खरेदीसाठी बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत चक्कर मारणे अजूनही उपयोगी ठरते. तारा, कनेक्टर आणि रॅकचे सामान तेथे हातात घेऊन पाहता येते. जुने अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचे असतील, तर गणेशोत्सवात दिवसरात्र राबलेले नगही समोर येतात हे लक्षात घेऊन ते तपासल्याशिवाय घेऊ नयेत. स्पीकर न जोडता आउटपुटवरील डीसी व्होल्टेज मोजावे आणि ते ५० मिलिव्होल्टहून बरेच अधिक असल्यास व्यवहार थांबवावा. त्यानंतर भार जोडून दोन्ही चॅनेल अर्धा तास तरी चालवावेत, पंखा फिरतो का आणि एखादा चॅनेल मध्येच गप्प होतो का ते पाहावे. घरी आणल्यावर सुरू करताना आधी रिसीव्हर व प्रोसेसर आणि शेवटी अ‍ॅम्प्लिफायर लावावा. बंद करताना अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत आधी बंद करावा.