एअर पिस्तूल घेताय? आधी हात बघा, मग आपली हवा बघा

पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये मनू भाकरनं नेमबाजीत दोन ब्राँझ मारली, एक एकटीनं आणि एक सरबज्योत सिंगबरोबर, आणि तेव्हापासून आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात मला भाजी घेताना पण कोणीतरी थांबवतं. मुलीला पिस्तूल घ्यायचंय, कुठली कंपनी घेऊ? मी स्वतः राज्य पातळीच्या पुढे काही गेले नाही, पण पिस्तुलं बरीच हाताळली आणि त्यातली दोन माझ्या हातानं बिघडवली, त्यामुळे सांगायचा हक्क आहे असं समजते. आणि माझं उत्तर ऐकून सगळ्यांचा चेहरा पडतो, कारण मी कंपनीचं नाव सांगतच नाही, मी म्हणते आधी हात दाखव.

सगळ्यात आधी लायसन्सचं, कारण घरातले आजोबा तोच प्रश्न पहिला विचारतात. १० मीटरवरून मारायचं मॅच पिस्तूल ४.५ मिलिमीटरचं असतं, पेलेट म्हणजे शिशाची छोटी गोळी सेकंदाला साधारण १५० मीटरनं जातं, म्हणजे ताकद पाच-सहा ज्यूलच्या आसपास. २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये लायसन्सची रेषा २० ज्यूलवर आहे, त्यामुळे याला लायसन्स लागत नाही. पण बिल कायम केसमध्ये ठेवायचं, आणि कदंब बसमध्ये मित्रांना दाखवायला केस उघडायची नाही म्हणजे नाही, समोरच्याला ते खरं की खेळाचं हे कळत नाही आणि मग पोलीस स्टेशनात तुम्हीच ज्यूल समजावत बसाल.

आता घ्यायचं कसं. पहिले तीन-चार महिने घेऊच नका. रेंजवरचं वापरा. मूल टिकतंय का, हात दुखतोय का, शनिवारी सकाळी उठतंय का हे कळू दे. दुकानात जे स्वस्तातलं स्प्रिंगचं पिस्तूल मिळतं ते डबे पाडायला ठीक, पण त्याला झटका असतो आणि ट्रिगर म्हणजे विहिरीचा रहाट, त्यावर शिकलेली सवय नंतर मोडायला दुप्पट वेळ जातो. मॅचसाठी खरे प्रकार दोनच धरा. एक सिंगल स्ट्रोक, म्हणजे प्रत्येक शॉटला लिव्हर ओढून हवा भरायची, आणि दुसरा पीसीपी, ज्यात खाली सिलिंडर असतो आणि त्यात २०० बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) हवा आधीच भरलेली असते. जुनी सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसवाली अजून कुठे कुठे विकायला येतात, त्यांच्या नादी लागू नका, गरमीत प्रेशर वरखाली होतं आणि भरायची बोंब.

सिंगल स्ट्रोकला लोक उगाच नाक मुरडतात. खरं सांगायचं तर आपल्या गोव्यात नवशिक्यासाठी तो चांगला सौदा आहे, सिलिंडर नाही, भरायची कटकट नाही, आत पाणी साचायचा प्रश्न नाही. तोटा एकच, मॅचमध्ये ६० शॉट असतात आणि त्याआधी सायटर, म्हणजे न मोजले जाणारे सरावाचे शॉट, तेवढ्या वेळा लिव्हर ओढून बारा वर्षांच्या मुलीचा हात चाळिसाव्या शॉटला थरथरायला लागतो. मोठ्या माणसाला चालतं. पीसीपीमध्ये स्टायर, मोरिनी, पार्डिनी, वाल्थर, फाइनवेर्कबाऊ ही नावं ऐकाल, नवीन घ्यायचं तर दीड लाखाच्या वरच जातं, आणि यातलं कुठलंही घेतलं तरी बेंचवर अडकवून मारलं की सगळ्या गोळ्या दहाच्या रिंगमध्ये जातात. ती रिंग साडेअकरा मिलिमीटरची आहे, आपल्या बोटाच्या नखाएवढी. म्हणजे पिस्तूल तुमच्यापेक्षा चांगलंच मारतं, कोणतंही असो. मग फरक कशात? ग्रिपमध्ये, म्हणजे धरायच्या मुठीत.

ग्रिप बघायची सोपी पद्धत. पिस्तूल धरा, डोळे मिटा, हात उचलून टार्गेटकडे न्या, थोडं थांबा, आणि डोळे उघडा. नेम धरायची पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध आणि वरची कड सपाट दिसली तर ग्रिप तुमची. ती डावीकडे गेलेली किंवा खाली बुडालेली दिसली आणि तुम्ही मनगट वळवून ती सरळ केलीत, तर ते मनगट ६० वेळा वळवावं लागणार आणि पन्नासाव्या वेळी विसरणार. दहा वेळा करून बघा, दुकानदार कंटाळला तरी. साइझ छोटी-मध्यम-मोठी असते, डावखुऱ्यांना वेगळी, आणि खाली तळहात टेकायचं शेल्फ वरखाली करता येतं. शेल्फ इतकं आवळू नका की हात चिमटीत सापडेल, आणि नियम असा की ग्रिप मनगटाला टेकू देता कामा नये, मनगट मोकळं पाहिजे.

माझ्या बहिणीच्या मुलीला मध्यम ग्रिप मिळाली आणि तिच्या तळव्याच्या खोलगट भागात चक्क करंगळी जाईल एवढी फट राहत होती. "मावशे, हे हलतं गो," एवढंच म्हणायची. मग रविवारी जेवणं झाल्यावर आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेपर पसरला, एम-सीलची पुडी मळली, फटीत भरली, वरून टाल्कम पावडर मारली म्हणजे हाताला चिकटत नाही, आणि तिला सांगितलं आता नेम धरते तशीच धर, गप्प उभी राहा. तीन मिनिटं ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरून उभी आणि तिचा भाऊ समोरून तोंडं वेडावतोय. दुसऱ्या दिवशी कडक झाल्यावर जास्तीचं कानशीनं घासलं, मग सँडपेपर. पुढच्याच आठवड्यात डावीकडे जाणाऱ्या गोळ्या थांबल्या. एक लक्षात ठेवा, लाकूड काढणं एकदाच होतं, भरणं कितीदाही होतं, म्हणून थोडं थोडं घासा. आणि हे काम मे महिन्यात करू नका, अक्रोडाचं लाकूड पावसात फुगतं, मेमध्ये चपखल बसवलेली ग्रिप जुलैत बोचते. आम्ही सप्टेंबरनंतर केलं ते नशीब.

ट्रिगर. नियमाप्रमाणे कमीत कमी ५०० ग्रॅम पाहिजे, इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे मॅचच्या सामान तपासणीला, नळी उभी धरून ट्रिगरला वजन अडकवतात आणि उचलतात, वजन सुटून खाली पडलं तर नापास. लोक हुशारी करून बरोब्बर ५०० ठेवतात आणि घामटलेल्या सकाळी तिथे जाऊन फजिती होते, तुम्ही ५१०-५२० ठेवा, त्यानं स्कोअर काही कमी होत नाही. ट्रिगर दोन टप्प्यांत दाबला जातो, पहिल्या स्टेजमध्ये बहुतेक वजन ठेवा, दुसरी स्टेज छोटीशी. पूर्ण पिस्तूल दीड किलोच्या आत आणि ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे, कंपनीचं जसंच्या तसं असेल तर बसतंच, पण वरून वजनं लावली आणि ग्रिप जाड केली की ५० मिलिमीटरमध्ये अडकतं, हे पण आधी बघा.

सेकंडहँड घेताय? मग आधी सिलिंडरवरची तारीख वाचा, बाकी नंतर. तारीख छापलेली असते आणि बनवल्यापासून दहा वर्षं धरतात, त्यानंतर मॅचमध्ये आणि सुरक्षेसाठी दोन्हीकडे तो बाद. माझी फसगत तिथेच झाली, पिस्तूल चकचकीत, किंमत भारी कमी, घरी आल्यावर भिंग लावून बघते तर सिलिंडर बाद होऊन दोन वर्षं झालेली, आणि नवा सिलिंडर मागवायला जे पैसे आणि महिने गेले त्यात सगळी बचत संपली.

आता खरा विषय. हवा. आपल्याकडे पावसाळ्यात हवा म्हणजे अर्धं पाणी. लोक पायाखाली धरून हातानं दाबायचा हाय प्रेशर पंप घेतात, आणि हीच हवा २०० बारपर्यंत दाबली की त्यातली वाफ पाणी होऊन सिलिंडरमध्ये बसते. माझ्या मैत्रिणीनं जूनभर पंपानं भरला आणि मग एकदा सिलिंडर उलटा धरून हवा सोडली तर पेपरवर पाण्याचे थेंब पडले, थोडे मातकट. पंप वापरायचाच तर पाणी शोषणारा फिल्टर लावलेला घ्या, त्यातले दाणे रंग बदलले की बदला, आणि पन्नास-साठ दाबांनंतर थांबून पंपातलं पाणी सोडा.

पण गोव्यात त्याहून सोपं आहे आणि हे मला फार उशिरा सुचलं. आपल्याकडे स्कूबावाले आहेत की! त्यांच्या टाक्यांत श्वास घ्यायची हवा असते, त्यांच्या कॉम्प्रेसरला फिल्टर असतोच, हवा कोरडी. मी बोगमाळोच्या बाजूला एका डायव्ह शॉपमध्ये जाते, सकाळी, बोटी ग्रँड आयलंडला सुटायच्या आधी, कारण तेव्हा टाक्या भरलेल्या असतात. अडॅप्टर मात्र तुमचा तुम्ही न्यायचा, त्यांच्या टाकीला बरेचदा योक पद्धतीचा जोड असतो आणि आपला डीआयएन पद्धतीचा, मधला जोड लागतो, आधी फोन करून विचारा. टाकीचा नळ एकदम उघडू नका. कानाशी बारीक शीळ ऐकू येईल एवढाच, काटा हळूहळू चढू दे, घाईत भरलं की सिलिंडर गरम होतो, काटा २०० दाखवतो आणि घरी येईपर्यंत १८० वर बसलेला असतो. सिलिंडरवर लिहिलंय त्याच्यावर एक बारही नाही. मग नळ बंद, आधी अडॅप्टरमधली हवा सोडायची, आणि मगच आटे फिरवायचे. एका भरण्यात दीडशेच्या वर शॉट निघतात.

दोन प्रश्न हमखास येतात. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर होईल का? नाही हो, तो दहा बारच्या आसपास थकतो. आणि ऑक्सिजनची टाकी? कधीच नाही, गंमत म्हणून पण नाही, दाबलेला ऑक्सिजन आणि तेलाचा अंश एकत्र आला की स्फोट होतो. याच कारणासाठी सिलिंडरच्या तोंडाला आणि व्हॉल्व्हला शिवणयंत्राचं तेल लावायचं नाही, ओ-रिंगला, म्हणजे सीलच्या रबरी कडीला, सिलिकॉन ग्रीस, तेही टाचणीच्या टोकावर मावेल एवढं. सिलिंडर पूर्ण रिकामा करून ठेवू नका, थोडं प्रेशर आत असलं की सील बसून राहतात आणि बाहेरची दमट हवा आत शिरत नाही.

बाहेरचा गंज हा वेगळा शत्रू. एका चवथीच्या आदल्या दिवशी मी रेंजवरून भिजत आले, स्कूटरच्या डिकीतून केस काढली, कपाटावर ठेवली, आणि मग माटोळी, पाहुणे, नेवऱ्या, विसर्जन. नऊ दिवसांनी उघडली तर फोम ओला आणि पुढच्या साइटवर केशरी ठिपके. फोम हा स्पंजच असतो, पाणी धरून ठेवतो आणि पिस्तूल त्यात कुशीत झोपलेलं. तेव्हापासून पावसात मी पिस्तूल केसमध्ये ठेवतच नाही, सुती कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात, आत झिरोचा बल्ब, घरातला तबला पण तिथेच असतो, दोघांची दुखणी सारखी. कपाट कुलूपबंद, पेलेट वेगळीकडे. शंभर-दोनशेला दमटपणाचा मीटर मिळतो, ५० टक्क्यांच्या आसपास राहिला की झोप लागते.

आणखी एक, एसी रेंजवर खेळत असाल तर थंड पिस्तूल बाहेर आणून लगेच केस उघडू नका, एसीतून बाहेर आल्यावर चष्म्यावर धुकं येतं ना, तेच नळीवर येतं. केस बंदच राहू दे अर्धा तास, मग पुसा. पुसायला हलकं तेल लावलेलं फडकं, फक्त लोखंडावर, आणि शेवटी बोटांचे ठसे पुसा, आपल्या घामात मीठ असतं.

नळी साफ करायचं वेड काही जणांना असतं. शिसं मऊ असतं, स्पीड कमी असतो, त्यामुळे पाचशे-हजार शॉटनंतर फेल्टचे दोन-तीन तुकडे मागून पुढे ओढले तर पुरतं. लोखंडी सळी घालू नका. पेलेट सपाट डोक्याचीच घ्या, कागदावर गोल स्वच्छ भोक पडतं, आणि दोन-तीन वेगवेगळे डबे आणून आपल्या नळीतून बेंचवर मारून बघा, ४.४९ आणि ४.५० मिलिमीटरच्या पेलेटमध्ये पण फरक पडतो. डबा उघडल्यावर पेलेटवर पांढरी पूड दिसली तर ती टाकून द्या, आणि शूटिंग झाल्यावर हात साबणानं धुतल्याशिवाय पावाला हात लावायचा नाही, शिसं आहे ते.

मॅचच्या बॅगेत मी काय टाकते ते पण सांगते: भरलेला दुसरा सिलिंडर, ओ-रिंगची पुडी, अ‍ॅलन की, छोटा टॉवेल, सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं आहे हे दाखवायला नळीत घालायचा), आणि इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर नवी बॅटरी. टोकियोला मनूचंच पिस्तूल क्वालिफिकेशनमध्ये मधेच बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि ५७५ गुणांवर फायनल हुकली, त्या लेव्हलला होतं तर आपल्याला म्हापशातल्या पेड्ड्याच्या मॅचला का नाही होणार. माझी भाची दुसरा सिलिंडर जड होतो म्हणून गुपचूप घरी ठेवून यायची, आता मी बॅग उचलून वजनावरूनच ओळखते.