हातापायांना मुंग्या येतात? नसांची गोळी घेण्याआधी या चुका टाळा

मुंग्या येऊ लागल्या की बहुतेक लोक औषधाच्या दुकानात जाऊन 'नसांची गोळी' मागतात. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. मुंग्या हा स्वतंत्र आजार नाही. मज्जातंतूतून जाणारा संदेश वाटेत कुठेतरी बिघडतोय, एवढंच त्या सांगतात. नेमका कुठे बिघडतोय, हे मुंग्यांच्या जागेवरून बऱ्याच अंशी ओळखता येतं, कारण कोणत्या बोटाची संवेदना कोणता तंतू नेतो हे ठरलेलं असतं. म्हणून आधी कागदावर हात आणि पाऊल काढा आणि बधिर भाग पेन्सिलने रंगवा. शेजारी तीन गोष्टी लिहा: कधी सुरू झालं, दिवसाच्या कोणत्या वेळी वाढतं, आणि एकाच बाजूला आहे की दोन्ही. गोळीपेक्षा हा कागद डॉक्टरांच्या जास्त उपयोगी पडतो.

मनगटाच्या दुखण्यावर मानेचा पट्टा

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो, करंगळी मात्र ठीक असते. रात्री झोपमोड होते आणि हात झटकला की बरं वाटतं. हे चित्र मनगटातल्या अरुंद बोगद्यात दबलेल्या तंतूचं आहे. तरी मानेचा एक्स-रे काढला जातो, त्यात वयानुसार झालेली झीज दिसते आणि गळ्यात पट्टा येतो. मनगट सरळ राहील अशी पट्टी रात्री झोपताना सहा आठवडे वापरून पाहा. थायरॉइड आणि साखर तपासा. गरोदरपणातही हा त्रास होतो आणि बहुधा बाळंतपणानंतर कमी होतो. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट होऊ लागला असेल तर पट्टीवर वेळ घालवू नका, शस्त्रक्रियेबद्दल विचारा. करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर असेल तर आधी कोपराकडे पाहावं. कोपर दुमडून तासन्‌तास फोन धरणं किंवा टेबलाच्या कडेवर कोपर टेकवणं हे नेहमीचं कारण.

पाऊल लोंबतंय, तरी मालिश

मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो तेव्हा 'रक्त थांबलं' असं म्हणतात. खरं तर दाब तंतूवर आणि त्याला पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवर येतो. उठल्यावर काही मिनिटांत संवेदना परत आली तर काळजी नको. पण गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, जे टोकदार हाड हाताला लागतं तिथे पायाचा एक मोठा तंतू कातडीच्या अगदी लगत असतो. एका पायावर पाय टाकून बसण्याची सवय, दिवसभर उकिडवं बसून केलेली खुरपणी, झपाट्याने उतरलेलं वजन किंवा घट्ट प्लॅस्टर यांमुळे तो दबतो. मग पाऊल वर उचलत नाही आणि चालताना बोटं जमिनीला घासतात. अशा वेळी पाऊल आतल्या बाजूला जोर लावून वळवता येतं का ते पाहा. वळत असेल तर दोष बहुधा गुडघ्यापाशी आहे, तेही जमत नसेल तर कमरेचा मणका तपासायला हवा. मालिशने दोन्हीपैकी काहीच सुटत नाही.

बधिर पावलांना शेक

मधुमेहात त्रास पावलांच्या बोटांपासून सुरू होतो, कारण सर्वांत लांब तंतू तिथवर गेलेले असतात. त्यांच्या पेशी मणक्याजवळ असतात आणि तिथून सुमारे एक मीटर लांबवर पोषण पोचवावं लागतं. साहजिकच टोक आधी कमजोर होतं. बधिरपणा पोटरीवर चढत गुडघ्याच्या आसपास येतो, तेव्हा हाताची बोटंही बधिर व्हायला लागतात.

इथे गरम पाण्याची पिशवी, हीटर आणि कडकडीत पाण्यात पाय बुडवणं पूर्ण बंद ठेवा. कातडी भाजते आणि कळतही नाही. पाणी कोपराने तपासा. दुपारच्या उन्हात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नका, जाड मोजे घाला. पायातून चप्पल निसटली आणि ती मागे राहिल्याचं कळलंच नाही, तर संवेदना गेली आहे असं समजा. रोज रात्री तळपाय आरशात बघा. डॉक्टरांकडे दहा ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूने पावलांची तपासणी वर्षातून एकदा तरी करून घ्या.

इंजेक्शन आधी, तपासणी नंतर

बी-१२ची कमतरता आपल्याकडे खूप आहे. शाकाहार, वर्षानुवर्षे चालू असलेलं मधुमेहावरचं मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताच्या रोजच्या गोळ्या ही ओळखीची कारणं. पण दोन इंजेक्शनं घेऊन मग रक्त तपासलं तर आकडा भरपूर येतो आणि निदान हुकतं. रक्त आधी द्या. आकडा २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर कमतरता, २०० ते ३००च्या दरम्यान असेल तर पुढची तपासणी. फक्त फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, मज्जारज्जूची हानी मात्र चालूच राहते. अंधारात तोल जाणं, तोंड धुताना डोळे मिटले की झोकांडी जाणं ही तिची खूण.

याच्या उलट चूकही होते. दोन-तीन कंपन्यांच्या गोळ्या एकत्र घेतल्या की प्रत्येकीतलं बी-६ साठत जातं. रोजची गरज दीड-दोन मिलिग्रॅमची. मोठा डोस महिनोन्‌महिने घेतला तर त्यानेच मुंग्या येतात. सगळ्या पाकिटांवरचा 'पायरिडॉक्सिन'चा आकडा बेरीज करून पाहा.

'एनसीव्ही नॉर्मल, म्हणजे मनाचे खेळ'

हे ऐकून कितीतरी रुग्ण गप्प बसतात, आणि तो अन्याय आहे. एनसीव्ही म्हणजे तंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी, आणि ती जाड तंतूंची असते. त्यांतून संदेश सेकंदाला पन्नासेक मीटर वेगाने जातो. आग आणि वेदना नेणारे बारीक तंतू सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर वेगाचे, ते या यंत्राला दिसत नाहीत. तळपायांची आग होत असताना अहवाल स्वच्छ येऊ शकतो.

थांबायचं नाही अशा दोन वेळा

अचानक अर्ध्या अंगाला बधिरपणा, तोंड वाकडं, बोलणं अडखळणं: हा मेंदूचा झटका समजा. माणूस शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लिहा आणि १०८ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका, कारण रक्तस्राव आहे की गुठळी हे स्कॅनशिवाय कळत नाही. पाणीही पाजू नका.

दुसरी वेळ: जुलाब किंवा तापानंतर एक-दोन आठवड्यांनी दोन्ही पायांना मुंग्या, आणि पायांपासून वरच्या दिशेने दिवसागणिक ताकद कमी होत जाणं. हा गिलन-बारे सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच तंतूंवर उलटण्याचा आजार, असू शकतो. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात त्याचे बरेच रुग्ण आढळले होते. 'अशक्तपणा आहे' म्हणून सलाइन लावून घरी राहू नका. एका श्वासात वीसपर्यंत मोजता येत नसेल तर श्वासाचे स्नायू थकत आहेत, व्हेंटिलेटर असलेलंच रुग्णालय गाठा.

महिन्याभरात गुण नाही म्हणून औषध सोडणं

तुटलेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. गुडघ्यापासून पावलापर्यंत चाळीस सेंटिमीटर धरले तरी वर्षाच्या वर लागतं. प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन वेदना दाबतात, तंतू दुरुस्त करत नाहीत, त्यामुळे आग थांबली तरी साखरेचा किंवा बी-१२चा उपचार चालूच ठेवा. आणि ही औषधं एका रात्रीत बंद करू नका: झोप उडते, घाम येतो, बेचैनी होते. डोस किती दिवसांनी कितीने उतरवायचा ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.