वस्तीचं मॉडेल आणि फलक: छोट्या प्रदर्शनाची तयारी

शहरावरच्या प्रदर्शनात लोक मॉडेलपाशीच रेंगाळतात, म्हणून आधी ते पक्कं करा. १:२०० प्रमाणात २०० बाय १२० मीटरची वस्ती १०० बाय ६० सेंटीमीटरच्या पाटावर बसते आणि १० मीटर उंच चाळ ५ सेंटीमीटरची होते. वस्ती मोठी असेल तर पाटाचे दोन भाग करा, नाहीतर तो दारातच अडकतो. तळाला १२ मिलिमीटर प्लायवूड, घरांना २ मिलिमीटर पुठ्ठा. फेविकॉल पातळच लावा. जाड थरातलं पाणी पिऊन पुठ्ठा वाकतो. एकाच बाजूला कागद चिकटवला तरी तो वाकतो, म्हणून दोन्हीकडून चिकटवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. झाडं मात्र गाळू नका. सावली दिसल्याशिवाय उन्हाळ्यातली गल्ली समजत नाही.

फलक ए-१ (सुमारे ५९ बाय ८४ सेंटीमीटर) आकाराचे, मध्य जमिनीपासून १४५ सेंटीमीटरवर. अक्षर किमान २४ पॉइंट. ओळींत अंतर जरा जास्तच सोडा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसतात. फ्लेक्स टाळा, ते पीव्हीसी शेवटी कचऱ्यातच जातं. मांजरपाटावर छापून घ्या आणि वर-खाली काठी ओवा, म्हणजे कापड ताठ राहतं.